बचतीला मालक हवा



अधिवेशनाच्या अध्यक्षाने सगळ्या विषयांचा परामर्श घ्यावा असा प्रघात आहे. मी मात्र एकाच प्रश्नावर बोलणार आहे: आपल्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांतली वीज वाचवण्यासाठी लागणारा पैसा आणायचा कुठून? हा प्रश्न निघाला की चर्चा बहुधा ‘शासनाने अनुदान द्यावे’ या मागणीपाशी येऊन थांबते. माझे म्हणणे असे की, खरी अडचण पैशाच्या टंचाईत कमी आणि हिशेबाच्या मांडणीत जास्त आहे. जी बचत होऊ शकते तिला आपल्या व्यवस्थेत कोणी मालकच नाही, आणि बेवारस उत्पन्नावर कोणी कर्ज देत नाही.

बचतीला वाव किती आहे हे आधी पाहू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार महाराष्ट्राच्या शहरांत रोज ९,१०७ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होत होते. उभारलेली क्षमता ६,८९० दशलक्ष लिटर होती आणि प्रत्यक्ष शुद्धीकरण ४,२४२ दशलक्ष लिटरचे होत होते. हे आकडे आपण नदीप्रदूषणाच्या चर्चेत वापरतो, पण त्यांत विजेची गोष्टही दडलेली आहे. मलवाहिन्या पूर्ण जोडलेल्या नसल्या की केंद्राकडे क्षमतेपेक्षा कमी पाणी येते. टाकीत हवा सोडणारे ब्लोअर मात्र पूर्ण भाराच्या हिशेबाने निवडलेले असतात आणि वेग बदलण्याची सोय नसेल तर तसेच चालतात. सक्रिय गाळ पद्धतीच्या केंद्रात साधारण निम्मी किंवा त्याहून अधिक वीज टाकीत हवा सोडण्यावरच खर्च होते. विरघळलेला ऑक्सिजन मोजून ब्लोअरचा वेग कमी-जास्त करणे, चोंदलेले डिफ्यूझर बदलणे, जास्त क्षमतेचे पंप काढून योग्य पंप बसवणे, गाळापासून मिळणाऱ्या बायोगॅसवर वीज तयार करणे, हे सगळे उपाय जुने आणि पारखलेले आहेत. सुरत महापालिका दोन दशकांपासून बायोगॅसवर वीज काढते आहे. अमेरिकेतील ओकलंडच्या केंद्राने २०१२ पर्यंत स्वतःच्या गरजेपेक्षा जास्त वीज निर्माण करण्याचा टप्पा गाठला. तेव्हा तंत्रज्ञान नाही ही सबब आता चालणार नाही.

मग हे होत का नाही? अंदाजपत्रक उघडून पाहा. वीजबिल महसुली खर्चात पडते, नवा ब्लोअर भांडवली खर्चात. विद्युत विभागाने युनिटे वाचवली, तर वाचलेला पैसा सर्वसाधारण निधीत विरून जातो आणि पुढच्या वर्षी त्या विभागाची तरतूदच कमी होते. केंद्र चालवतो कंत्राटदार. बिल पालिका भरत असेल, तर त्याला बचतीत रस नसतो. बिल त्याच्या अंगावर असेल, तर त्याला स्वस्त मार्ग दिसतो तो ब्लोअर बंद ठेवण्याचा. शिवाय अनुदानाचा ओघ नव्या बांधकामाकडे असतो. पुण्याच्या मुळा-मुठा प्रकल्पात ११ नवी केंद्रे, ३९६ दशलक्ष लिटरची भर आणि खर्चाचा ८५ टक्के भाग केंद्राचा, अशी २०१६ मधील मंजुरी होती. ते काम आवश्यकच आहे. पण जुन्या केंद्रातले पंप बदलण्यासाठी तसा उदार हात पुढे येत नाही, कारण त्या कामाची कोनशिला बसत नाही.

म्हणून पहिले काम बचतीचे खाते उघडण्याचे. समजा, एका केंद्राचे वार्षिक वीजबिल ४ कोटी रुपये आहे आणि सुधारणांनी ते २० टक्क्यांनी घटते. वर्षाला ८० लाख वाचतात. २ कोटी ४० लाखांची गुंतवणूक तीन वर्षांत फिटते. ही मांडणी बँकेला पटण्यासाठी तीन गोष्टी लागतात: सुधारणेपूर्वीच्या वापराची त्रयस्थाने केलेली मोजणी, दरवर्षी तपासलेली बचत, आणि वाचलेली रक्कम सर्वसाधारण निधीत न जाता थेट कर्जफेडीकडे वळवणारे एस्क्रो खाते. एवढी तयारी असली की दारे उघडतात. ऊर्जा सेवा कंपन्यांनी स्वतः पैसा घालून केलेल्या कामांतली कर्जजोखीम अंशतः उचलणारी योजना सिडबी या लघुउद्योग विकास बँकेने २०१५ पासून चालवली आणि तिच्या कक्षेत नगरपालिकाही होत्या. गाझियाबादने २०२१ मध्ये १५० कोटींचे हरित रोखे काढले ते मैलापाण्याच्या तिसऱ्या टप्प्याच्या शुद्धीकरणासाठी. ते पाणी उद्योगांना विकायचे होते. इंदूरने २०२३ मध्ये २४४ कोटी उभे केले ते पाणी उपसण्याच्या वीजबिलावर उतारा म्हणून सौर प्रकल्पासाठी. आपल्याकडे नागपूरचे शुद्ध केलेले मैलापाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते. या सर्व उदाहरणांत पैसा आला तो मोजता येणाऱ्या उत्पन्नाकडे किंवा बचतीकडे पाहून.

यावर आक्षेप येतील, आणि ते वजनदार आहेत. पहिला असा की, निम्म्याहून अधिक मैलापाणी शुद्ध न होता नदीत जात असताना विजेची चिंता कशाला? उत्तर वरच्याच आकड्यांत आहे. उभारलेली क्षमता वापराविना पडून राहते त्यामागे चालवण्याचा खर्च हेही एक कारण आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये बीओडीची, म्हणजे पाण्यातील जैविक ऑक्सिजन मागणीची, मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅमपर्यंत कडक करण्याचा आदेश दिला. ती गाठायला हवा अधिक लागणार, म्हणजे बिलही वाढणार. दुसरा आक्षेप बचतीच्या नावाखाली पाण्याची प्रत घसरण्याचा. ही भीती रास्त आहे. म्हणून मोजमाप दर दशलक्ष लिटरला किती युनिटे असे न ठेवता, काढून टाकलेल्या प्रत्येक किलो बीओडीमागे किती युनिटे असे ठेवावे, आणि बाहेर पडणारे पाणी निकषात बसले नाही तर त्या महिन्याची बचत शून्य धरावी. तिसरा आक्षेप अनुभवाचा: एलईडी पथदिव्यांच्या योजनेत अनेक नगरपालिकांनी गुंतवणूक करणाऱ्या कंपनीची देणी थकवली. तो दोष बचत न होण्याचा नव्हता. वाचलेला पैसा वेगळा न ठेवण्याचा होता, आणि एस्क्रोचा आग्रह त्यासाठीच. चौथा आक्षेप लहान नगरपरिषदांचा, ज्यांच्या दहा-वीस लाखांच्या कामासाठी कोणी बँक फिरकत नाही. तामिळनाडूत २००३ च्या सुमारास डझनाहून अधिक लहान स्थानिक संस्थांनी एकत्र येऊन सुमारे ३० कोटींचे रोखे काढले. अमेरिकेत १९८७ पासून राज्यांचे फिरते निधी आहेत. एका शहराने फेडलेले कर्ज दुसऱ्याला मिळते. महाराष्ट्राला असा फिरता निधी उभारणे अशक्य नाही. शासनाकडे अनुदान मागायचेच, तर ते या निधीच्या बीजभांडवलासाठी मागावे.

मित्रहो, या अधिवेशनाने अनुदानाच्या मागणीआधी तीन ठराव स्वतःसाठी करावेत. प्रत्येक केंद्राने वर्षभराच्या आत ऊर्जा लेखापरीक्षण करून मूळ वापर जाहीर करावा. देखभालीच्या प्रत्येक नव्या निविदेत विजेच्या वापराची हमी आणि पाण्याच्या प्रतीची अट एकत्र घालावी. आणि प्रत्येक महापालिकेने विजेच्या बचतीचे स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे. यांपैकी एकाही कामासाठी दिल्लीची वा मुंबईची वाट पाहावी लागत नाही. आपापल्या गावी परतल्यावर आयुक्तांसमोर आणि लेखा विभागासमोर पहिली टिपणी याच विषयाची ठेवा, एवढे आवाहन करून मी थांबतो.