घोडा ऐकतो, मूल वाचते

(माथेरानच्या घोडेवाल्या कुटुंबांपुढे केलेले भाषण)



आज आम्ही तुमच्याशी घोड्याविषयी बोलणार आहोत. तुम्ही मनात म्हणाल, "हे काय आम्हाला घोडा शिकवणार? आमचा जन्म गेला लगाम धरण्यात." अगदी खरे आहे. दस्तुरी नाक्यापासून पॉइंटांपर्यंत तुमचे घोडे माणसे नेतात. घोड्याचे ज्ञान तुमच्याकडे. आमच्याकडे अक्षराचे काम. या दोहोंची गाठ घालावी, एवढ्यासाठी आम्ही आलो.

तुमची मुले शाळेत जातात. पण मोठ्याने वाच म्हटले, की पुष्कळ मुले गप्प होतात. का? अक्षर चुकले की वर्ग हसतो. दोनचारदा असे झाले, की मूल पुस्तक मिटते ते मिटतेच. मग आपण म्हणतो, "याच्या डोक्यात काही शिरत नाही. लावा याला घोड्यामागं." घोडं पेंड खातं ते इथंच! ते मूल मंद नसते. ते भ्यालेले असते.

आता घोड्याकडे पाहा. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. म्हणून त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. पण बरोबर पाठीमागचे दिसत नाही, आणि कपाळासमोर अगदी जवळचेही दिसत नाही. म्हणून जाणता माणूस घोड्याजवळ जाताना बोलत जातो. आवाज आला की घोड्याचा कान तिकडे वळतो. माणूस कोठे आहे हे त्याला कळते, आणि तो बिचकत नाही.

म्हणजे पाहा, घोड्याला बोलणारे माणूस हवे आणि वाचणाऱ्या मुलाला ऐकणारे कोणी हवे. घोडा हसत नाही. "चुकलास" म्हणत नाही. आरडाओरडा मात्र त्याला खपत नाही. म्हणून त्याच्याजवळ मूल सावकाश आणि शांतपणे वाचते.

आमच्या प्रौढ वर्गात एक घोडेवाले येत. त्यांचा मुलगा चौथीत होता, पण एक ओळ वाचीत नसे. आम्ही त्याला म्हटले, "आम्हाला वाचून दाखवू नकोस. तुझ्या घोडीला दाखव." पोरगा हसला. पण संध्याकाळी दावणीपासून चार हात दूर बसून वाचू लागला. वडील जवळच खरारा करीत असत. पहिले आठ दिवस एकच पान चालले. मग दुसरे आले.

पुढे घोडीला खोगिराने जखम झाली. डॉक्टरांनी दोन औषधे दिली आणि चिठ्ठीवर मराठीत लिहून दिले. वडिलांना अजून जोडाक्षरे अडत. ते एक बाटली पाजायला निघाले. मुलगा चिठ्ठी घेऊन धावला. "बाबा, थांबा! लाल बाटली जखमेवर लावायची. पाजू नये, असं लिहिलंय!" त्या दिवसापासून बापलेक दोघे मिळून वाचतात.

तुम्ही घरी काय कराल? मुलाला माहीत असलेल्या शब्दांपासून सुरुवात करा. लगाम, नाल, आयाळ, शिंगरू हे शब्द आधी लिहा. मग खोगीर, रिकीब, तोबरा. जी वस्तू हाताला ठाऊक आहे, तिचे अक्षर डोळ्याला लवकर ओळखू येते. मग एक वही करा. घोड्याने आज काय खाल्ले, नाल कधी ठोकला, लस कधी दिली, ते मुलाने लिहावे आणि वाचावे. ती वही तुमच्याही उपयोगाची.

घोडा आणि पुस्तक यांची सोयरीक जुनी आहे. अमेरिकेत केंटकीच्या डोंगरात १९३५ ते १९४३ या काळात बाया घोड्यावर आणि खेचरावर बसून घरोघर पुस्तके पोचवीत. पुस्तक फाटले की त्यातली चांगली पाने कापून वहीत चिकटवीत, आणि ती वही पुढच्या घरी नेत. आपल्याकडे उत्तराखंडात, नैनिताल जिल्ह्यातल्या कोटाबाग भागात, २०२३ साली पावसाने रस्ते बंद झाले. तेव्हा घोड्याच्या पाठीवरून डोंगरातल्या मुलांना पुस्तके गेली. लोक त्याला घोडा लायब्ररी म्हणू लागले.

आणखी एक गोष्ट. इंग्लंडात ॲना स्यूएल नावाच्या बाई होत्या. चौदाव्या वर्षी पाय दुखावला, तेव्हापासून त्यांना नीट चालता येत नसे. घोडागाडीवाचून त्यांचे अडे. घोड्यांचे हाल त्यांनी पाहिले, आणि आजारपणात पडून एक पुस्तक रचले. त्यात घोडाच आपली कहाणी सांगतो. १८७७ साली ते छापले गेले. त्याचे नाव 'ब्लॅक ब्यूटी'. घोडे राखणाऱ्या माणसांनी ते वाचावे, ही त्यांची इच्छा होती. म्हणजे तुमच्यासारख्यांसाठीच म्हणा ना!

आता दोन गोष्टी बजावून सांगतो. घोडा अक्षरे शिकवीत नाही, तो धीर देतो. म्हणून मोठे माणूस जवळ हवेच. मुलाला घोड्याच्या मागे किंवा पायांजवळ बसवू नका. घोडा बांधलेला असावा. वाचन पंधरा मिनिटे पुरे.

दुसरी गोष्ट अधिक मोलाची. घोड्याची संगत म्हणजे घोड्यामागची मजुरी नव्हे. हंगाम आला की शाळा बुडवून मुलाच्या हाती लगाम देऊ नका. २०१६ साली कायदा सुधारला. चौदा वर्षांखालील मुलाने घरच्या धंद्यात हातभार लावायचा तो शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीतच, आणि धोक्याच्या कामात तर नाहीच. एका हंगामाची कमाई पुढच्या हंगामात पुन्हा मिळेल. मुलाचे गेलेले वर्ष परत मिळणार नाही.

घोडीच्या पोटातून पडलेले शिंगरू पहा. तासा-दोन तासांत लटपटत उभे राहते. पडते, पुन्हा उठते. आपण त्याला हसतो का? नाही. आपण म्हणतो, "ऊठ बाळा." मुलाचे अक्षर अडखळले की तेवढेच म्हणा. आज संध्याकाळी घोड्यापुढे तोबरा ठेवाल, तेव्हा मुलाला पुस्तक घेऊन यायला सांगा. घोडामैदान जवळच आहे.