उन्हाळ्यातील काम आणि शहराची थैली

न्यूयॉर्क शहरातील सार्वजनिक शाळा जूनच्या अखेरीस बंद होतात व सप्टेंबरच्या आरंभी पुन्हा उघडतात. मधल्या दोन महिन्यांत ऐपतदार घरची मुले समुद्रकाठी अथवा डोंगरातील शिबिरांत जातात. ब्रॉन्क्स, हार्लेम, पूर्व ब्रुकलिन अशा वस्त्यांतील मुलांना मात्र बहुधा घराच्या पायऱ्या आणि समोरचा रस्ता एवढेच मोकळे असते. अशा मुलांच्या हाताला सुटीत पगारी काम द्यावे, हा विचार त्या शहराने १९६३ साली मनावर घेतला आणि साठ वर्षे लोटली तरी तो कोणत्या ना कोणत्या रूपाने चालू आहे. इतकी वर्षे टिकलेल्या गोष्टीस कोणीही स्थिर म्हणेल. परंतु या योजनेच्या इतिहासात डोकावणाऱ्यास प्रथम दिसते ती तिची अस्थिरता. मुले दरवर्षी येतात. पैसा दरवर्षी येईलच असे कधी नव्हते.

योजनेचे स्वरूप साधे आहे. १४ ते २४ वर्षे वयाच्या मुलामुलींनी अर्ज करावयाचा. निवड झालेल्यांना जुलै-ऑगस्टमध्ये सुमारे सहा आठवडे काम मिळते : कोणाला बालवाडीत, कोणाला ग्रंथालयात, कोणाला रुग्णालयात, उद्यानात, दुकानात किंवा एखाद्या कचेरीत. पगार त्या दुकानदाराने द्यावयाचा नसतो. तो योजनेतून दिला जातो. शहराचे युवक-कल्याण खाते स्वतः मुलांना कामावर धाडीत नाही. ते निरनिराळ्या लोकसेवी संस्थांशी करार करते, आणि या संस्था मुले व कामाच्या जागा यांची सांगड घालतात. अर्ज नेहमीच जागांहून अधिक येतात. २०१९ साली सुमारे दीड लाख अर्ज आले आणि काम मिळाले ते पाऊण लाखाच्या आसपास मुलांना. म्हणून बहुतेक जागांसाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. त्या आता यंत्राने निघतात इतकेच.

पहिल्या चाळीस वर्षांत या कामाचा मोठा भार वॉशिंग्टनच्या मध्यवर्ती सरकारने उचलला. १९६४ च्या दारिद्र्यविरोधी कायद्याने तरुणांच्या रोजगारासाठी पैसा उपलब्ध करून दिला. १९७३ व १९८२ च्या कायद्यांनी नावे बदलली, परंतु उन्हाळी कामाचा ओघ राखला. हा ओघ किती लहरी होता याचे एक उदाहरण पुरे. १९९२ च्या वसंतात लॉस एंजेलिस शहर दंगलीत जळाले. त्यानंतर जूनच्या उत्तरार्धात काँग्रेसने उन्हाळी कामासाठी घाईघाईने पन्नास कोटी डॉलर मंजूर केले. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार होता, आणि विहीर खणून होईतो शाळा सुटल्याही होत्या. पुढे १९९८ च्या कायद्याने उन्हाळी कामाचा स्वतंत्र निधीच मोडीत काढून तो तरुणांच्या वर्षभराच्या प्रशिक्षणात मिसळला. हा कायदा २००० साली अंमलात आला व तेव्हापासून देशातील बहुतेक शहरांना आपापली थैली चाचपावी लागली. काहींनी योजना बंद केली. न्यूयॉर्कने बंद केली नाही. ती शहराच्या, राज्याच्या व दानशूर व्यक्तींच्या पैशावर चालू ठेवली. २००९ च्या मंदीत मध्यवर्ती सरकारने पुन्हा एकवार मदत दिली, तेव्हा त्या एका उन्हाळ्यात देशभर तीन लाखांहून अधिक तरुणांना काम मिळाले. ती मदत संपली आणि आकडे पुन्हा घसरले.

येथे न्यूयॉर्कच्या अंदाजपत्रकाची रीत समजून घेणे अवश्य आहे, कारण सारी मेख तिच्यातच आहे. आपल्याकडील महापौर बहुतांशी सभेचा अध्यक्ष असतो. तेथील महापौर शहराचा खरा कारभारी असतो. तो जानेवारीच्या सुमारास अंदाजपत्रकाचा पहिला मसुदा मांडतो, एप्रिलच्या सुमारास सुधारलेला मांडतो, आणि जूनच्या अखेरीपर्यंत नगरसभेशी तडजोड होऊन तो मंजूर होतो. आर्थिक वर्ष १ जुलैस सुरू होते. मुलांचे कामही जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातच सुरू होते! म्हणजे ज्या पैशावर मुलगा कामाला जाणार, तो पैसा मंजूर होतो त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी. अर्ज मात्र कित्येक महिने अगोदर घेतलेले असतात, संस्थांनी मालकांना शब्द दिलेले असतात, देखरेखीस माणसे नेमावयाची असतात.

ब्रॉन्क्समधील सोळा वर्षांच्या मुलीची कल्पना करावी. एखाद्या रुग्णालयाच्या नोंदणी-कक्षात काम मिळेल असे तिला मे महिन्यात कळते, आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तीच संस्था सांगते की अंदाजपत्रक व्हायचे आहे, थांबा. तिच्या आईने त्या पैशांवर घरभाड्याचा थोडा हिशेब मांडलेला असतो. रुग्णालयातील अधिकारीही असा अनुभव एकदोन वर्षे घेतो आणि तिसऱ्या वर्षी चांगली जागा देण्याचे टाळतो. मग मुलांच्या वाट्याला ज्यास कोणी नको म्हटले नाही अशी कामे येतात : कागद लावणे, खुर्च्या मांडणे. उन्हाळी कामात मुले काही शिकत नाहीत, असा आक्षेप घेणाऱ्यांनी हे कारणही ध्यानात घ्यावयास हवे.

या सर्वांवर राजकारणाचा एक परिपाठ बसून गेला होता. महापौरांनी मसुद्यात आकडा कमी दाखवावा, मुलांनी नगरभवनाच्या पायऱ्यांवर फलक घेऊन उभे राहावे, नगरसभेने जूनमध्ये रक्कम वाढवून घ्यावी आणि शेवटी दोघांनीही परस्परांचे अभिनंदन करावे. न्यूयॉर्ककर या प्रकाराला अंदाजपत्रकाचे नृत्य म्हणतात. नृत्य करणाऱ्यांची हौस भागते. ताटकळतात ती मुले. म्हणून गेल्या दशकात नगरसभेने व संस्थांनी एकच मागणी लावून धरली, ती अशी की ही रक्कम वर्षापुरती न ठेवता पायाभूत तरतुदीत घालावी. पायाभूत तरतूद म्हणजे पुढील वर्षांच्या अंदाजात ती आधीच धरलेली असते. ती मिळवण्यासाठी भांडावे लागत नाही, काढावयाची असेल तर काढणाऱ्यास कारण सांगावे लागते. मागणी हळूहळू मान्य होत गेली. २०१७ च्या उन्हाळ्यात सुमारे सत्तर हजार मुलांना काम मिळाले.

मध्येच एक निराळी अडचण उभी राहिली व ती कोणाच्या दुष्टाव्याने आलेली नव्हती. न्यूयॉर्क शहरातील किमान वेतन २०१३ साली तासाला सव्वासात डॉलर होते. २०१८ संपता संपता ते मोठ्या मालकांकडे पंधरा डॉलर झाले. मजुरांच्या दृष्टीने ही मोठीच जीत होती. परंतु आठवड्यास पंचवीस तासांप्रमाणे सहा आठवडे काम करणाऱ्या मुलाचा पगार पंधराच्या दराने २,२५० डॉलर होतो; पूर्वीच्या दराने तो याच्या निम्म्याहूनही कमी असे. डॉलरांचा आकडा आहे तसा राखला तर मुलांचा आकडा अर्ध्यावर यावा, असे हे गणित आहे. स्थिर तरतूद म्हणजे स्थिर रक्कम असे समजणाऱ्यांची येथे फसगत होते. शहराने यातून एक वाट काढली : चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना तासाच्या पगाराऐवजी सातशे डॉलरपर्यंत ठरावीक विद्यावेतन द्यावयाचे व त्यांच्याकडून कमी तासांचे, शिकण्याच्या स्वरूपाचे काम करून घ्यावयाचे. हिशेब जुळला खरा. पण चौदा वर्षांच्या मुलाला पहिला पगार हातात पडण्याचा जो अभिमान वाटतो, तो विद्यावेतनाने वाटतो काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

नंतर २०२० साल उजाडले. महामारीने शहर ओस पडले, कराचे उत्पन्न आटले आणि एप्रिलमध्ये नगरशासनाने त्या उन्हाळ्याची योजना रद्द केल्याचे संस्थांना कळविले. तोपर्यंत बरीच रक्कम पायाभूत तरतुदीत आलेली होती. तरीही एका पत्राने ती गेली. मुलांनी या वेळी पायऱ्यांवर जमण्याऐवजी घराघरांतून आवाज उठविला. जूनच्या अखेरीस तडजोड झाली व सुमारे ३५ हजारांसाठी एक छोटी योजना, बहुतेक दूरसंचाराच्या साधनांवरून चालणारी, उभी करण्यात आली. म्हणजे आदल्या वर्षीच्या निम्म्याहून कमी, आणि तेही अशा वर्षी की ज्या वर्षी अनेक घरांतील कर्त्यांची नोकरी गेली होती. दोन वर्षांनी, २०२२ मध्ये, नव्या महापौरांनी एक लाख जागांची घोषणा केली. त्यांपैकी नव्वद हजार या योजनेच्या. वाढीव खर्चही पायाभूत तरतुदीत धरण्यात आला.

इतका पैसा ओतून निष्पन्न काय होते, असे करदात्याने विचारले तर ते गैर नाही. चिठ्ठ्या टाकून निवड होत असल्यामुळे याचे उत्तर देणे संशोधकांना सोपे गेले. गेल्बर, आयसेन व केस्लर या अर्थशास्त्रज्ञांनी २००५ ते २००८ या वर्षांच्या चिठ्ठ्या तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चिठ्ठी लागलेल्या मुलांची पुढील वर्षांतील कमाई वाढली नाही, महाविद्यालयात जाण्याचे प्रमाणही वाढले नाही. समर्थकांना हे ऐकून वाईट वाटले असेल. परंतु त्याच संशोधनात आढळले की तुरुंगात जाणाऱ्यांचे प्रमाण घटले, आणि पुढील वर्षांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे एक पंचमांशाने घटले. शिकागोत २०१२ साली हिंसाग्रस्त वस्त्यांतील तेरा शाळांच्या १,६३४ मुलांवर सारा हेलर यांनी असाच प्रयोग केला. काम मिळालेल्यांत हिंसक गुन्ह्यांसाठी झालेल्या अटका सोळा महिन्यांत ४३ टक्क्यांनी कमी झाल्या. नवल हे की घट मुख्यतः काम संपल्यानंतरच्या महिन्यांतली होती. म्हणजे मुले केवळ कामात गुंतून पडली म्हणून रस्त्यावर दिसली नाहीत, असे म्हणता येत नाही. कोणीतरी वडीलधाऱ्या माणसाने सहा आठवडे वेळेवर येण्याची अपेक्षा केली, चुकल्यास सांगितले, रागावल्यावर कसे बोलावे हे दाखविले; याचा तो परिणाम असावा. मात्र असा माणूस जूनच्या अखेरच्या आठवड्यात घाईने शोधून मिळत नाही.

केवळ वचन देऊनही भागत नाही, हे वॉशिंग्टन शहराने दाखविले. तेथे १९७९ मध्ये मॅरियन बॅरी यांनी काम मागणाऱ्या प्रत्येक तरुणास उन्हाळी काम देण्याची प्रथा पाडली आणि पुढे योजनेला त्यांचेच नाव दिले गेले. परंतु २००८ च्या उन्हाळ्यात नोंदणी बेसुमार वाढली, वेतनपत्रकांचा गोंधळ उडाला आणि खर्च अंदाजाच्या दुपटीवर गेला. पैसा कायम असला तरी हजेरी घेणारा कारकून पुरेसा हवा.

महाराष्ट्रातील श्रोत्यांना या संदर्भात एक जवळची गोष्ट आठवेल. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने उभी राहिलेली रोजगार हमी योजना केवळ सद्भावनेवर सोडलेली नव्हती. १९७५ मध्ये तिच्यासाठी व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातील नोकरदाराच्या पगारातून तो दरमहा कापला जाऊ लागला आणि १९७७ च्या कायद्याने काम मागण्याचा हक्क दिला. जमलेला सर्व पैसा त्या कामी लागला नाही अशी टीका पुढे झाली, ती खरीच होती. तरी दरवर्षी मजुरांनी सचिवालयाच्या पायऱ्यांवर उभे राहून पुढील वर्षाची योजना वाचवावी, अशी पाळी त्या रचनेने आणली नाही. न्यूयॉर्कच्या योजनेपाशी असा कर नाही आणि असा हक्कही नाही. तिच्यापाशी पायाभूत तरतुदीतील एक ओळ आहे, आणि अर्ज करणाऱ्यांत चिठ्ठी न लागलेल्या मुलांची संख्या एक लाख जागांनंतरही हजारांनी मोजावी लागते.