निष्कर्ष गावात परत आला पाहिजे

(हिवरा आश्रम येथील विज्ञान-साहित्य संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



 शुकदास महाराजांनी उभा केलेला इथला विवेकानंद आश्रम रुग्णसेवा आणि शिक्षण या दोन्हींसाठी ओळखला जातो. ९१वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आधी याच गावाला जाहीर झाले होते. पुढे ते २०१८ मध्ये बडोद्यात भरले. आज विज्ञानावर लिहिणारी माणसे इथे जमली आहेत, याचा मला विशेष आनंद आहे. विवेकानंद जयंतीच्या उत्सवात इथल्या शेतात पंगती बसतात आणि पुरी-भाजी ट्रॅक्टरमधून वाढली जाते. शेवटच्या ओळीतल्या माणसाच्या पानातही तेच अन्न पडते. ज्ञानाची पंगत अशी बसावी, हे माझे आजचे मागणे आहे.

वैद्यक, अभियांत्रिकी आणि निसर्गविज्ञान या तीन क्षेत्रांतील अलीकडच्या संशोधनाचा आढावा घ्यावा, असे संयोजकांनी सुचवले. तो मी एका प्रश्नाला धरून घेणार आहे. ज्या मातीवर, ज्या पाण्यावर, ज्या माणसांच्या रक्तावर संशोधन होते, त्यांच्यापर्यंत निष्कर्ष परत जातो का? माझे मत स्पष्ट आहे. संशोधनपत्रिकेत लेख छापून आला म्हणजे संशोधन पुरे होत नाही. ज्यांच्याकडून घेतले त्यांना ते समजेल असे सांगितल्यावरच ते पुरे होते.

सुरुवात शेजारच्या लोणारपासून करतो. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवरातले खारे पाणी आणि काठावरची कमळजादेवी आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. इथले क्षार काढून विकणारे लोक दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशा वेगवेगळ्या नावांनी ते ओळखत आणि त्यांची प्रत ठरवत. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. त्यानंतर कितीतरी वर्षे हे ज्वालामुखीचे तोंड असावे, असेच बहुतेकांना वाटत होते. १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात फ्रेड्रिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख आला. तळाशी छिद्रे पाडून काढलेल्या खडकांत त्यांना मॅस्केलिनाइट सापडले होते. प्रचंड आघाताच्या दाबाने फेल्डस्पार या खनिजाची अशी काच होते. ज्वालामुखीत तेवढा दाब तयार होत नाही. म्हणून हे विवर उल्कापाताने झाले, हे मान्य झाले.

पण ते कधी झाले? खडक तापवल्यावर त्यातून बाहेर पडणारा मंद प्रकाश मोजून वय सुमारे ५२ हजार वर्षे काढले गेले. पुढे आघाताने वितळलेल्या खडकातील आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून जूर्दां आणि सहकाऱ्यांनी ते ५ लाख ७० हजार वर्षे काढले. त्यात ४७ हजार वर्षे इकडेतिकडे होऊ शकतात, असेही त्यांनी लिहिले. म्हणजे एकाच विवराच्या दोन वयांत जवळपास अकरा पटींचा फरक आहे. तरीही बऱ्याच लिखाणात पन्नास हजारांचा आकडा एखाद्या जन्मतारखेसारखा ठामपणे दिला जातो. दोन्ही आकडे द्यावेत, ते कोणत्या पद्धतीने काढले हे सांगावे आणि वाचकाला या वादात सामील करून घ्यावे, अशी माझी अपेक्षा आहे. आठवीतल्या मुलाला हे समजते. त्याला फक्त एकच आकडा पाठ करायला लावला, तर विज्ञान बदलत राहते ही त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. टाळेबंदीचे दिवस होते आणि तर्ककुतर्कांना ऊत आला होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले आणि पाण्याचे नमुने तपासले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यांत मिठाच्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव आढळले. पाऊस नव्हता, बाष्पीभवन वाढले होते, खारटपणा चढला होता आणि त्यात या जीवांची संख्या बेसुमार वाढली होती. त्यांच्या अंगचे रंगद्रव्य पाण्याला रंग देत होते. नमुन्यातले जीव तळाशी बसल्यावर वरचे पाणी पुन्हा नितळ दिसू लागले. किती सुंदर आणि सोपा पुरावा आहे हा! एका बाटलीत तो लोणारच्या प्रत्येक शाळेत दाखवता येतो. त्याच वर्षी लोणारला रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. हा दर्जा टिकवायचा तर सरोवरात कोणते पाणी उतरते आणि कोणते उतरू नये, हे गावाला नेमके कळले पाहिजे.

आता अधिक दुखऱ्या विषयाकडे येतो. २०२४ सरता सरता आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात, बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. काहींना थोड्याच दिवसांत टक्कल पडले. त्यात बायका होत्या, शाळकरी मुली होत्या. आधी पाण्यावर संशय गेला, मग बुरशीवर, मग शाम्पूवर. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पथके आली. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही स्वतंत्रपणे तपास केला. बाधितांच्या शरीरात सेलेनियम हे मूलद्रव्य वाढलेले असल्याचे मोजमापांतून पुढे आले. ते रेशनच्या गव्हातून आले असावे, असा निष्कर्ष डॉ. बावस्करांनी मांडला.

इथे लेखकाची जबाबदारी सुरू होते. रक्तात आणि केसांत सेलेनियम जास्त आहे, हे मोजमाप आहे. ते गव्हातून आले, हा त्यावरून काढलेला निष्कर्ष आहे. तो पक्का करायचा तर पुढचे प्रश्न विचारावे लागतात. तोच गहू खाऊनही ज्यांचे केस गळाले नाहीत, त्यांच्या रक्तात किती सेलेनियम आहे? तोच गहू गेलेल्या दुसऱ्या गावांत काय झाले? हे प्रश्न विचारल्याने संशोधकाचा अवमान होत नाही. उलट संशोधनाचा खरा आदर त्यातच आहे. आणि एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. या गावांच्या बातम्या देशभर गेल्या, फोटो देशभर गेले. ज्या मुलीने आपले रक्त आणि केस तपासणीसाठी दिले, तिच्या हातात मराठीतला दोन पानी अहवाल पडला पाहिजे. त्यात काय सापडले, केस पुन्हा येतात का, आता काय खायचे आणि काय टाळायचे, हे असले पाहिजे. तो तिचा हक्क आहे.

डॉ. बावस्करांचे नाव आले म्हणून त्यांच्या आधीच्या कामाकडे वळतो. जालना जिल्ह्यातल्या देहेड या खेड्यातून ते आले आणि कोकणात महाड परिसरात त्यांनी सेवा केली. लाल विंचवाच्या दंशाने तिथे धडधाकट माणसे, लहान मुले दगावत होती. विषामुळे रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी साठते, हे त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून टिपले. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्यांची निरीक्षणे छापली. प्राझोसिन या स्वस्त गोळीने चित्र पालटले. गंभीर दंशात पूर्वी शंभरातले चाळीसच्या घरात रुग्ण जात. ते प्रमाण एकाच्या आसपास आले. पण ही गोळी वेळेत दिली तरच तिचा पुरेपूर उपयोग होतो. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला तिची माहिती हवी आणि मांत्रिकाकडे न जाता आधी केंद्रात जायचे, हे घरच्यांना कळायला हवे. ज्ञान पोचायला उशीर झाला की माणूस मरतो. याहून स्पष्ट उदाहरण माझ्यापाशी नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ज्ञानाचा हा प्रवास उलट बाजूने केला. गावातल्याच बायकांना त्यांनी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. ३९ गावांतल्या या प्रयोगात नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर नेण्यात आली. इथे गाव संशोधनाचे नुसते क्षेत्र नव्हते, संशोधन करणारे हातही गावाचे होते.

याच्या शेजारी मी बार्शी-उस्मानाबादचा अभ्यास ठेवतो. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावांचे ५२ गट करून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी स्त्रिया त्यात घेण्यात आल्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कोणती तपासणी जीव वाचवते, हा प्रश्न होता. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाचा त्यात मोठा वाटा होता. आठ वर्षांनी निष्कर्ष आला. ज्या गटात या कर्करोगाला कारणीभूत असलेल्या एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी झाली, तिथे या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या. ज्या गटात तपासणीची सोय केलेली नव्हती, तिथे ६४. २००९ मध्ये हे ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगासाठी एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती दिली, त्यामागच्या पुराव्यांत आपल्या शेतकरी बायकांचा हा पुरावा वजनदार आहे. तुलनेच्या गटाला तपासणीविना ठेवणे योग्य होते का, हा नैतिक प्रश्नही संशोधकांच्या जगात जोरात विचारला गेला. तो मराठीतही विचारला गेला पाहिजे. दोन्ही गटांतल्या स्त्रियांनी जगाला ज्ञान दिले. ती तपासणी आज त्यांच्या सुनांना आणि लेकींना तालुक्याच्या रुग्णालयात मिळते का, याचा पाठपुरावा कोण करणार? आपणच करायचा आहे.

अभियांत्रिकीत महाराष्ट्राने अलीकडे अभिमान वाटावा असे काम केले आहे. मुंबईची आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून नेक्सकार-१९ ही कर्करोगावरची पेशीचिकित्सा घडवली. रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी काढायच्या, त्यांच्यात जनुकीय बदल करून कर्करोगाची पेशी ओळखायची क्षमता भरायची आणि त्या परत शरीरात सोडायच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला परवानगी मिळाली. परदेशातल्या अशा उपचाराच्या खर्चाच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात ती होते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. यावर लिहिताना प्रतिसाद म्हणजे कायमचा बरा होणे नव्हे, हे पहिल्याच परिच्छेदात लिहावे. ज्या घरात हा आजार आहे तिथे आपला एकेक शब्द जमीन विकण्याचा निर्णय घडवू शकतो.

आणि हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमध्ये लेसर किरण धावतील आणि प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म असा लांबीतला फरक मोजतील. अशा वेधशाळा पृथ्वीवर दूरदूर असल्या, तर लहर आकाशात कुठून आली हे ठरवता येते. या लहरींच्या शोधासाठी संकेत ओळखण्याचे गणित पुण्याच्या आयुका संस्थेत डॉ. संजीव धुरंधर यांनी कितीतरी वर्षे आधीपासून घडवले होते. पण या यंत्राला जमिनीची शांतता लागते. शेजारच्या खाणीचा स्फोट, जड वाहनांची ये-जा यांनीही मोजमापात अडथळा येतो. नियम येतील, बंधने येतील. ती का येतात हे औंढ्याच्या शेतकऱ्याला समजले, तर तो या वेधशाळेचा राखणदार होईल. जुन्नर तालुक्यात खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीने दरवर्षी विज्ञान दिनाला आपली दारे गावासाठी उघडली. तो रस्ता औंढ्यानेही धरावा.

मित्रांनो, डॉ. जयंत नारळीकर नाशिकच्या ९४व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा विज्ञानलेखन मराठी साहित्याच्या मुख्य दालनात बसले. ते आज आपल्यात नाहीत. त्यांनी उघडलेल्या दारातून आपण काय आत नेणार, हे आता आपल्यावर आहे.

म्हणून माझ्या तीन ठोस मागण्या आहेत. पहिली अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठाला आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाला. प्रत्येक पीएच.डी. प्रबंधासोबत दोन पानांचा मराठी सारांश सक्तीचा करा. त्यात काय सापडले, कसे सापडले आणि काय अजून अनुत्तरित आहे, हे तीन मथळे असावेत. दुसरी मागणी संशोधन संस्थांना. ज्या गावातून रक्त, पाणी, माती किंवा धान्य नेले, त्या गावाच्या ग्रामसभेत निष्कर्ष वाचून दाखवा आणि गावकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्या. तिसरी मागणी आपल्या सर्वांना, लेखक, पत्रकार आणि शिक्षकांना. बातमी थंड झाल्यावर एक वर्षाने त्या गावात पुन्हा जा आणि पुढे काय झाले ते लिहा.

या संमेलनाने आज या तीन मागण्यांचे ठराव करावेत. शेगाव तालुक्यातील बाधित गावांसाठी मराठी अहवाल तयार करण्याचे काम तज्ज्ञांच्या मदतीने पहिल्यांदा हाती घ्यावे. त्यासाठी जे लेखन, वाचन आणि हेलपाटे लागतील, त्यात मी स्वतः आपल्याबरोबर आहे.