वणवा विझवणाऱ्यांचे मरण



१३ जून २०२४ रोजी उत्तराखंडातील अल्मोडा जिल्ह्यात, बिनसर अभयारण्यात वणवा पेटला. तो विझवावयास वनखात्याच्या गाडीतून गेलेल्यांपैकी चौघे तेथेच जळून मेले. चौघे गंभीर भाजले व त्यांतीलही काहींनी पुढे प्राण सोडले. पहिल्या चौघांत एक बीट अधिकारी होता. बाकीचे म्हणजे एक अग्निरक्षक, प्रांतीय रक्षक दलाचा एक जवान आणि एक रोजंदारी मजूर. त्याच्या महिनाभर आधी याच जिल्ह्यात चिडाचा लिसा, म्हणजे राळ, काढणारे नेपाळी मजूर वणव्यात सापडून मृत्युमुखी पडले होते. वणव्याला नैसर्गिक आपत्ती म्हणण्याची प्रथा आहे. परंतु पगारपत्रकावर ज्यांचे नाव अगदी तळाशी असते किंवा मुळीच नसते, त्यांच्यावरच ती प्रथम कोसळते, हे निसर्गाने ठरविलेले नाही.

कुमाऊंच्या डोंगरात चीड पूर्वीपासूनच होता. पण इंग्रजी राजवटीत त्याला व्यापारी मोल आले. लिशापासून टर्पेंटाइन आणि खोडापासून रेल्वेचे स्लीपर मिळू लागले, तसतशी त्याची बडदास्त वाढली. गुरांना चारा देणारा, ओलावा धरून ठेवणारा बांज मात्र सरकारी हिशेबात कमी किमतीचा ठरला. १९११ ते १९१७ या काळात गावकऱ्यांच्या वहिवाटीची विस्तीर्ण जंगले राखीव झाली. कोवळ्या गवतासाठी जंगलातील पाचोळा जाळण्याची जुनी रीत गुन्हा ठरली. १९२१ साली, बेगारीविरुद्धच्या चळवळीच्या सुमारास, लोकांनी चिडाची जंगले पेटविली; आणि रामचंद्र गुहा यांच्या अभ्यासानुसार स्वतःच्या उपयोगाची रुंद पानांची जंगले बहुतांशी वाचविली. ती आग अडाणीपणाची नव्हती. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली आणि १९३१ साली वनपंचायतींचे नियम आले. पण खात्याची पकड सैल झाली नाही.

ज्या जंगलावर हक्क नाही, त्याची आग विझविण्यास माणूस धावत का जाईल? अलीकडच्या वणव्यांत काही जागी गावकऱ्यांनीच आग लावली असेल, हे नाकारण्यात अर्थ नाही. चैत्र-वैशाखात चिडाच्या सुया, ज्यांना तेथे पिरूळ म्हणतात, उतारावर जाड थर करतात. एक ठिणगी पुरते. त्यात पाऊस लांबला आणि हिवाळा कोरडा गेला की संकट दुप्पट. पण पेटल्यानंतरची झळ गावालाच. गवत जळते, चाऱ्यासाठी स्त्रियांची पायपीट वाढते आणि धुराने श्वास कोंडतो.

२०२४ च्या मे महिन्यात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. वणवे ऐन भरात असताना वनकर्मचारी निवडणुकीच्या कामाला जुंपले होते. राज्याने १० कोटी रुपये मागितले असता ३.१५ कोटी मिळाल्याचेही तेथे पुढे आले. बिनसरनंतर काही वरिष्ठ अधिकारी निलंबित झाले. निलंबनाने बूट मिळत नाहीत. हिरव्या फांद्यांनी ज्वाळा झोडपणे हीच जेथे मुख्य पद्धत, तेथे अग्निरोधक कपडे, बिनतारी संदेशयंत्रे, प्रशिक्षण, विमा आणि हंगाम संपल्यावरही टिकणारी नोकरी, ही मागणी कामगार चळवळीचीच आहे. आग उतारावर वर चढताना वेग घेते, कारण ज्वाळांची उष्णता वरचे गवत आधीच तापविते. म्हणून आगीच्या वरच्या बाजूस उभे राहणे घातक. आणि परतीची वाट ठरविल्याशिवाय कोणालाही पुढे धाडू नये. हे प्रत्येक रोजंदारी मजुराला कोणी सांगितले आहे काय?

याच अल्मोडा जिल्ह्यात शीतलाखेत परिसर आहे. शेताच्या बांधावरची कापलेली झुडपे, ज्यांना तेथे ‘ओण’ म्हणतात, जाळताना बरेच वणवे लागतात, हे तेथील लोकांनी ओळखले. म्हणून वणव्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच ओण जाळून टाकायचे, असे गावांनी ठरविले. १ एप्रिल हा ‘ओण दिवस’ मानला जाऊ लागला. या कामात महिला मंगल दलांचा वाटा मोठा. जंगल आपले वाटले की माणसे आधीच कामाला लागतात. अन्य गावांतून लोक ते पाहावयास येतात, सरकारही त्याची वाखाणणी करते. फक्त त्या स्त्रियांच्या श्रमाची मजुरी कोणत्या खात्यावर टाकावयाची, हे अजून ठरावयाचे आहे.