किती किरण गेले?

स्तनाचे क्ष-किरणचित्र, ज्यास आपण मॅमोग्राम म्हणतो, काढताना यंत्राच्या पट्टीखाली अंग दाबले गेले म्हणजे वेदनेने डोळे मिटणारी भगिनी बाहेर पडताना हटकून विचारते, "साहेब, किती किरण गेले हो आत?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आकड्यात देणे हे माझ्यासारख्या वैद्यकीय भौतिकीच्या सेवकाचे कर्तव्यच होय.

परंतु अपाय संभवतो तो मुख्यतः दुग्धग्रंथींच्या ऊतकास, आणि त्यात तर मापक घालता येत नाही. त्वचेवरचीच मात्रा मोजून भागवावे, तर हे किरण मृदू, बहुतांशी वरच्या थरांतच शोषले जाणारे. त्यामुळे त्वचेवरचा आकडा आतल्या सरासरीच्या कितीतरी पट भरतो आणि नसते भय उत्पन्न करतो. म्हणून आडवाट धरावी लागते. स्तनाचा पृष्ठभाग ज्या उंचीवर येतो तेथे, दाबाची पट्टी किरणांच्या वाटेत तशीच राहू देऊन, चपटा आयनीभवन-कक्ष मांडतात आणि हवेतील किरणांचे माप घेतात. नंतर एक दशांश मिलिमीटर जाडीचे शुद्ध ॲल्युमिनियमचे पत्रे, चुरगळू नयेत म्हणून कडेने धरून, माप निम्म्यावर येईपर्यंत एकावर एक ठेवीत जातात. मॉलिब्डेनमच्या यंत्रात 28 किलोव्होल्टला हे निम्मे होणे मिलिमीटरच्या सुमारे तिसऱ्या हिश्शातच घडते. एवढ्याशा पत्र्याने किरण अर्धे व्हावेत, याचा मला दर खेपेस नव्याने विस्मय वाटतो. या जाडीवरून किरणांची भेदकता कळते, आणि इंग्लंडातील डेव्हिड डान्स यांनी 1990 साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांच्या आधारे हवेतले माप गुणले असता ग्रंथींना मिळणारी सरासरी मात्रा हाती येते. अमेरिकेच्या कायद्याने 4.2 सेंटिमीटर जाडीच्या प्रमाणभूत स्तनासाठी दर चित्रास 3 मिलिग्रे ही कमाल मर्यादा मुकरर केली आहे.

आता त्या दाबाविषयी. जाडी वाढली की पलीकडे पुरेसे किरण पोहोचावेत म्हणून यंत्र आपण होऊन अधिक वेळ किरण सोडते, आणि ग्रंथींच्या वाट्याचा भार वाढतो. सैल दाबाने चित्रही धूसर येते, आणि मग ते पुन्हा काढण्याची पाळी आली तर मात्रा दुप्पट होते. यास्तव तंत्रज्ञ भगिनी "आणखी थोडे सोसा हं, ताई," असे म्हणून पट्टी बोटभर खाली आणते, तेव्हा दप्तरात माझ्या हातून लिहिला जाणारा आकडा त्या बोटभरानेच उतरलेला असतो.