पाटीला लागलेला हात

पुण्याच्या मंडईत भाजीची भरली पाटी डोक्यावर घ्यायची, तर दुसऱ्याचा हात लागतोच. त्या हाताला मजुरी नाही. पण त्याच्यावाचून पाटी उचलत नाही.

खेळाचेही तसेच. विजय हजारे सांगलीच्या मराठी ख्रिस्ती घरातले. १९४३ च्या डिसेंबरात मुंबईला हिंदू संघाविरुद्ध त्यांच्या 'रेस्ट' संघावर फॉलोऑनची पाळी आली. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावांत एकट्या विजयरावांच्या ३०९! भाऊ विवेक यांच्याबरोबर त्यांनी ३०० धावांची भागी रचली. तीत विवेकरावांच्या अवघ्या २१. सामना हरला तो हरलाच. पण त्या २१ धावा वाया गेल्या, असे कोण म्हणेल?

संत पौलाने करिंथकरांना श्रद्धेचे जीवन शर्यतीच्या दाखल्याने समजावले. त्याच पौलाने गलतीकरांना परस्परांचा भार वाटून घ्यायला सांगितले. धावायचे, पण सोबत्याला टाकून नव्हे.

गुरुजनहो, पहिल्या आलेल्या मुलाची पाठ थोपटाच. पण मागे पडलेल्याला गणित समजावणाऱ्याचेही नाव वर्गात घ्या. आणि शेतकरी बंधूंनो, शेजाऱ्याचे पीक बुडाले असेल, तर आज त्याच्या बांधावर जा. पाटीला हात लावा.