सिलिकाच्या कणांपासून नेवाशाच्या पात्यांपर्यंत

दख्खनच्या बेसाल्ट खडकात वजनाने जवळपास निम्मी सिलिका असते. खडकात मुरणारे गरम पाणी तिचा थोडा अंश विरघळवून पोकळ्यांत नेते. पाणी निवले की ती त्यात मावेनाशी होते आणि काही नॅनोमीटरचे कण तयार होतात.

पुढचे सगळे त्यांच्या पृष्ठभागावर ठरते. तिथे सिलिकॉनला जोडलेले हायड्रॉक्सिल गट, म्हणजे सिलॅनॉल, दाटीवाटीने असतात. सामू 2 च्या आसपास पृष्ठभागावर जवळजवळ भार नसतो. सामू वाढतो तसे हे गट प्रोटॉन सोडतात, कणांवर ऋणभार चढतो आणि ते एकमेकांना दूर लोटतात. क्षार मिसळले की चित्र पालटते. सोडियमचे, आणि त्याहून प्रभावीपणे कॅल्शियमचे आयन हा भार झाकतात. कण भिडतात, दोन सिलॅनॉलमधून पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि सिलिकॉन, ऑक्सिजन, सिलिकॉन असा पक्का बंध जुळतो. आधी साखळ्या, मग जाळे, शेवटी जेल.

अशा जेलमधले पाणी निघून जाऊन कॅल्सेडनी बनतो, असे अनेक भूवैज्ञानिक मानतात. अतिसूक्ष्म तंतूंचा हा दगड ठरावीक पातळीवर दुभंगत नाही; घाव बसताच शिंपल्यासारखा वक्र फुटतो आणि कडेला धार येते. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी जोर्वे आणि नेवासे इथे ताम्रपाषाणयुगीन लोकांची अशी पाती सापडली. नेवाशाचे उत्खनन 1954 ते 1956 मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी केले. तांबे तेव्हा दुर्मीळ होते. कापण्या-सोलण्याचे रोजचे काम या पात्यांवरच चाले.